‘सत्तांतर’, सूड आणि वेडा राघू

डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील लवूळ ह्या गावाचे नाव एकाएकी जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. गावातील वानरे कुत्र्यांची पिले उचलून झाडांवर आणि घरांच्या माळवदांवर नेत होती, आणि उंचावर सोडून दिलेली किंवा तेथून पडलेली पिले मरत होती. ह्याचे कारण सांगितले गेले ते असे : कुत्र्यांनी वानराचे एक पिलू मारले, म्हणून वानरांनी सूड घेतला. मेलेल्या पिलांचा आकडा अडीचशेवर गेला. हा आकडा मोजदादीतून आलेला नव्हता, तोंडातोंडी वाढलेला होता. परंतु ‘सूड’ ह्या शब्दाची जोड मिळताच तो समुद्रापलीकडे पोहोचला. वनखात्याच्या माणसांनी दोन वानरे पकडून दूर नेऊन सोडली आणि बातमी संपली.

ताडकळसहून परभणी, पाथरी ह्या वाटेने पुढे गेले की माजलगाव लागते. म्हणजे ही घटना आमच्या शेजारातलीच म्हणायची. आमच्याकडे सापाविषयी बोलताना ‘डूख धरणे’ हा शब्दप्रयोग होतो. तो येथे वानरांना लागू झाला. भाषेपाशी असे शब्द तयारच असतात. नक्राश्रू, बकध्यान, मर्कटचेष्टा, कोल्हेकुई हे शब्द आपण प्राण्याकडे डोळे उघडून पाहण्यापूर्वीच त्याच्या वागण्याचा अर्थ लावून मोकळे होतात. प्रस्तुत लेखाचा विषय लवूळची बातमी हा नाही. विषय आहे तो एका मराठी पुस्तकाचा; परंतु त्या बातमीनंतर हे पुस्तक पुन्हा वाचले तेव्हा ते पूर्वीसारखे वाचता आले नाही, हे आरंभीच सांगणे बरे.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही लघुकादंबरी १९८२ साली प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी अंबाजोगाईला भरलेल्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद माडगूळकरांनी भूषविले. अंबाजोगाई आणि लवूळ एकाच जिल्ह्यात यावीत हा निव्वळ योगायोग. पण मराठीतील वानरांविषयीच्या सर्वोत्तम पुस्तकाचा लेखक ज्या जिल्ह्यात सन्मानाने मिरवला, त्याच जिल्ह्यातील वानरांची कथा चाळीस वर्षांनी इतक्या ढोबळपणे सांगितली जावी, ह्याची रुखरुख वाटल्यावाचून राहत नाही.

पुस्तकाचे कथानक थोडक्यात सांगता येते. वानरांची एक टोळी आहे. तिचा एक म्होरक्या नर, अनेक माद्या आणि पिले आहेत. टोळीबाहेर एकांडे आणि भटके नर आहेत. त्यांतील कोणी टोळीवर चालून येतो, लढाई होते, जुना म्होरक्या हरतो, नवा त्याची जागा घेतो. मग तो टोळीतील अंगावरची पिले मारतो. माद्या काही काळ त्याला टाळतात आणि अखेर त्याला पत्करतात. एवढेच. माणूस ह्या कथेत जवळजवळ नाहीच.

एवढ्याशा ऐवजातून माडगूळकरांनी जे साधले आहे त्याचे मोल जाणण्यासाठी आपल्या परंपरेतील वानरांकडे एकदा पाहावे लागते. पंचतंत्रातील वानर मगरीला फसवतो, जातककथांतील वानरराजा प्रजेसाठी देह ठेवतो आणि रामायणातील वानर तर देवपदाला पोहोचलेला. ही सारी वानरे बोलतात, आणि बोलतात म्हणूनच ती माणसे आहेत. माडगूळकरांची वानरे बोलत नाहीत. त्यांना नावे आहेत खरी. पण धनगर मेंढीला किंवा शेतकरी बैलाला जसे ओळखण्यासाठी नाव देतो तशी ती नावे. वानराच्या डोक्यात शिरून त्याचे मनोगत सांगण्याचा मोह लेखकाने आवरला आहे, आणि मराठी गद्यात हा संयम दुर्मीळ आहे. मराठीतील पुष्कळशा प्राणिकथांत प्राणी हा लेखकाच्या करुणेला टेकू म्हणून उभा असतो. येथे तो स्वतःच्या पायांवर उभा आहे. ‘बनगरवाडी’तील मेंढरांच्या, पावसाच्या, उपासमारीच्या वर्णनांत ह्या नजरेची पूर्वतयारी दिसते, तेथे ती माणसांच्या सोबतीने होती, येथे ती एकटीच आहे.

‘सत्तांतर’ हे राजकारणाचे रूपक म्हणून वाचण्याची प्रथा आहे. ती प्रथा समजण्यासारखी आहे. १९७५ ची आणीबाणी, १९७७ चा पराभव, १९७८ साली महाराष्ट्रात झालेली उलथापालथ आणि १९८० चे पुनरागमन एवढे सगळे पाहून उठलेल्या वाचकाच्या हाती १९८२ मध्ये ह्या नावाचे पुस्तक पडले, तर त्याला मुंबई-दिल्ली आठवणारच. पण हे वाचन पुस्तकाला पुरे पडत नाही. रूपकात प्रत्येक गोष्टीला दुसऱ्या बाजूची जोडी लागते. म्होरक्याला जोडी मिळते, भटक्या नरांना मिळते, लढाईला मिळते. मारल्या गेलेल्या पिलांना मिळत नाही. नव्या मंत्रिमंडळाने जुन्याची धोरणे रद्द केली, असे काहीतरी ओढूनताणून म्हणावे लागते आणि त्या क्षणी पुस्तकातील सर्वांत भयंकर प्रसंगाचे सरकारी टिपण होऊन जाते. ज्या पानावर वाचकाचा श्वास अडकतो, त्याच पानावर जे वाचन लुळे पडते, ते वाचन खरे नव्हे.

तर मग ह्या शिशुहत्येचा अर्थ काय? हा प्रश्न माडगूळकरांच्या कल्पनेतून निघालेला नाही. त्याला मोठा इतिहास आहे आणि त्याची सुरुवात आपल्या सीमेलगतच, धारवाडला झाली. १९५८ ते १९६० ह्या काळात फिलिस जे ह्या अमेरिकन संशोधिकेने उत्तर व मध्य भारतातील वानरांचा अभ्यास केला होता आणि तिला ती शांत, समंजस, पिलांवर जीव टाकणारी दिसली. त्यानंतर युकिमारू सुगियामा हे जपानी संशोधक धारवाडजवळच्या जंगलात आले. १९६२ साली त्यांच्या डोळ्यांदेखत भटक्या नरांच्या जथ्याने एका टोळीवर हल्ला केला, जुन्या नराला हुसकले, त्यांतला एक नर मागे राहिला आणि त्याने टोळीतील पिले चावून मारली. पुढे जोधपूरला मोहनोत ह्या भारतीय संशोधकांनीही असेच पाहिले. मग सारा ब्लॅफर हर्डी ह्या संशोधिकेने १९७१ पासून काही वर्षे अबूच्या पहाडावर वानरांच्या टोळ्यांची नोंद ठेवली आणि १९७७ साली तिचे पुस्तक निघाले.

पाहिलेले सर्वांचे सारखेच होते. अर्थ मात्र दोन निघाले. पहिला असा : हे विकृत वर्तन आहे. माणसांच्या वस्तीमुळे वानरांची दाटी झाली, त्यांचे समाजजीवन बिघडले, त्याचे हे फळ. दुसरा अर्थ हर्डीचा. अंगावर पिणारे पिलू आहे तोवर मादी पुन्हा माजावर येत नाही. गर्भाचे सुमारे सात महिने आणि पाजण्याचे वर्षभर किंवा अधिक, असा तिचा काळ जातो. नराची सद्दी मात्र अबूच्या टोळ्यांत सरासरी दोन-सव्वादोन वर्षांचीच असे. दुसऱ्याची पिले मोठी होईपर्यंत जो थांबला त्याची स्वतःची पिले वाढण्यापूर्वीच पुढचा नर दारात उभा राहणार. म्हणून जे नर थांबले नाहीत त्यांचीच संतती अधिक उरली. नराला हा हिशेब कळतो असे येथे मुळीच म्हणायचे नाही. हिशेब निसर्गनिवडीचा आहे, नराकडे आहे ते केवळ वागणे. ह्या दोन अर्थांतील वाद वीस वर्षे धुमसला. १९९९ साली नेपाळमधील रामनगर येथील वानरांच्या विष्ठेतील डीएनए तपासून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की मारणारा नर मेलेल्या पिलाचा बाप नव्हता आणि त्याच मादीच्या पुढच्या पिलाचा बाप तो असू शकत होता. वादाचे पारडे हर्डीकडे झुकले ते असे.

हे सविस्तर सांगण्याचे कारण आहे. ‘दाटीमुळे विकृती’ हे स्पष्टीकरण ऐकायला अधिक माणुसकीचे वाटते. निसर्ग मुळात चांगला, माणसाने तो बिघडवला, ही समजूत आपल्याला आवडते. माडगूळकरांनी ह्या समजुतीचा आधार घेतला नाही. त्यांच्या पुस्तकात नवा नर पिले मारतो तेव्हा पाऊस पडावा तसे ते घडते. लेखक हळहळत नाही, दोषही देत नाही. ज्या काळात शास्त्रज्ञांचाच वाद मिटलेला नव्हता त्या काळात एका मराठी कथाकाराने इतकी स्थिर नजर राखावी, हे त्या पुस्तकाचे मोठेपण आहे आणि रूपकाच्या चष्म्यातून नेमके हेच दिसत नाही.

एवढे म्हटल्यावर त्या पुस्तकाविषयीची माझी तक्रारही मांडली पाहिजे. ती तक्रार त्याच्या नावापासून सुरू होते. ‘सत्ता’ हा शब्द वानरांचा नव्हे. हा शब्द वापरला की कॅमेरा जणू आपोआप नरांकडे वळतो : कोण चढला, कोण पडला, कोणाच्या अंगावर किती जखमा. माद्या मग जिंकलेल्या मुलखासारख्या उरतात. हर्डीच्या पुस्तकाच्या उपशीर्षकात माद्यांच्या डावपेचांचा उल्लेख नरांच्या आधी आहे आणि तो शिष्टाचार म्हणून नव्हे. तिला दिसलेल्या माद्या मुकाट्याने सोसणाऱ्या नव्हत्या. गाभण असतानाही त्या परक्या नरांशी संग करीत. ह्यामुळे पितृत्वाचा संभ्रम होऊन पुढे येणाऱ्या पिलाला अभय मिळत असावे, असा तिचा तर्क होता. तिने एक प्रसंग नोंदवला आहे. टोळीत सोल नावाची एक म्हातारी मादी होती. तिचे विण्याचे दिवस सरलेले, इतर वानरे तिला फारशी मोजत नसत. दुसरी, पंजा गमावलेली, म्हणून नावच ‘पॉलेस’ पडलेली मादी. नवा नर एका पिलाला तोंडात धरून निघाला तेव्हा ह्या दोघीच त्याच्या अंगावर धावून गेल्या आणि त्यांनी ते जखमी पिलू हिसकावून आणले. स्वतःची पिले नसलेल्या एका म्हातारीने आपल्यापेक्षा बळकट, तीक्ष्ण सुळ्यांच्या नराशी झुंज द्यावी, हा प्रसंग ‘सत्ता’ ह्या शब्दात बसत नाही.

वानरांच्या माद्यांची आणखी एक सवय आपल्याकडे देवळाच्या आवारात कोणीही पाहू शकतो. नवजात काळे पिलू एका मादीपाशी राहत नाही. दुसरी येते, ओढून घेते, छातीशी धरते, मग तिसरी. आई ते देते. चिंपांझीची आई असे करीत नाही, महिनोन्‌महिने ती पिलाला सोडत नाही. हर्डीने २००९ साली लिहिलेल्या पुस्तकात ह्या निरीक्षणावर मानवी बुद्धीविषयीचा एक मोठा सिद्धान्त उभारला. माणसाचे मूल हे मोठ्या वानरांच्या कुळात एकमेव असे आहे, की जे आईबरोबरच आजी, मावशी, बहीण, शेजारीण ह्यांच्या हातांत वाढले. ज्या मुलाला अनेकांच्या हाती वाढायचे त्याला अनेकांची तोंडे वाचावी लागतात : हिच्या मनात माया आहे की कंटाळा? रडलो तर ही घेईल की ती? दुसऱ्याचे मन ओळखण्याची माणसाची जी विलक्षण शक्ती, तिचा उगम पाळण्यापाशी आहे, असे तिचे म्हणणे. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांची मुले मराठवाड्यात आजीपाशी राहतात. आजीच्या चेहऱ्याकडे पाहणाऱ्या त्या मुलांना हा सिद्धान्त वेगळा शिकवायला नको.

ह्याच्या शेजारी दुसरा सिद्धान्त ठेवून पाहावा. १९७६ साली निकोलस हंफ्री ह्यांनी असे मांडले, की वानरकुळातील बुद्धी फळे शोधण्यासाठी वा हत्यारे करण्यासाठी वाढली नसून सोबत्यांशी निभावून नेण्यासाठी वाढली. कोण कोणाचा, कोणाला कधी चुचकारावे, कोणावर कधी उलटावे हा व्यवहारच बुद्धीची कसोटी. फ्रान्स द वाल ह्यांनी नेदरलँड्समधील आर्नहेमच्या प्राणिसंग्रहालयातील चिंपांझींमध्ये हा व्यवहार इतका बारकाईने टिपला की आपल्या पुस्तकाला त्यांनी ‘चिंपांझींचे राजकारण’ ह्या अर्थाचे नाव दिले. ते वर्ष १९८२, ‘सत्तांतर’चेच. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नर्मदाकाठी हथनोरा येथे अरुण सोनकिया ह्यांना आदिमानवाच्या कवटीचा भाग सापडला. एकाच वर्षी एका मराठी लेखकाने आणि एका डच संशोधकाने, एकमेकांशी संबंध नसताना, वानरांच्या जगाला राजकारणाचा शब्द द्यावा, ह्याचा अर्थ तो शब्द त्या काळाच्या हवेत होता. द वाल ह्यांनी मात्र पुढे प्राण्यांच्या दिलजमाईवर आणि सहानुभूतीवर विपुल लिहिले. २०२४ साली त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांची ख्याती राजकारणाच्या अभ्यासकापेक्षा त्याच विषयामुळे अधिक होती. माडगूळकर ह्या विषयाकडे पुन्हा वळले नाहीत. दरबार आणि पाळणाघर ह्यांपैकी बुद्धी कोठे वाढली, ह्याचा निवाडा झालेला नाही, आणि दोन्हीकडे वाढली असे म्हणण्यास आडकाठी नाही. पण ‘सत्तांतर’मध्ये दरबार आहे, पाळणाघर उणे आहे.

एक शंका येथे वाचकाच्या मनात येईल. पिले हातोहात वाढवणे हे जर बुद्धीचे मूळ, तर वानरे माणसाएवढी शहाणी का झाली नाहीत? हर्डीचे उत्तर असे, की तीच सवय ज्या कुळात आधीच मोठा मेंदू आणि दीर्घ बालपण होते तेथे वेगळे फळ देते. पानांवर जगणाऱ्या काळतोंड्या वानराचे अन्न सर्वत्र पसरलेले. त्याने कोठे फळ पिकले ह्याची खूणगाठ बांधण्याऐवजी पाने पचवणारे कप्पेदार पोट कमावले. मेंदू हे महागडे इंद्रिय आहे, चिंपांझीचा सुमारे चारशे घनसेंटिमीटरचा तर आपला तेराशे-साडेतेराशेचा, आणि तो पोसण्यास तसेच अन्न लागते. आमच्या गोदावरीच्याच खोऱ्यात वरच्या अंगाला, प्रवरेकाठी नेवाशाजवळ चिरकी येथे हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत. दगडाच्या पोटात दडलेला आकार आधी मनात पाहून मग तो घडवणारे हात लाखो वर्षांपूर्वी ह्याच नद्यांचे पाणी पीत होते. ते हात आणि शिवारातले वानर हे एकाच जिन्याच्या खालच्या-वरच्या पायऱ्या नव्हेत. वानर हे अपुरे राहिलेले माणूस नव्हे.

आता लवूळकडे पुन्हा वळता येईल. सूड म्हणायचा तर काय काय सिद्ध व्हावे लागेल? वानरांनी पिलाचा मृत्यू पाहिला; मारणाऱ्या कुत्र्याला ‘कुत्रा’ ह्या जातीचा प्रतिनिधी मानले; त्या जातीच्या पिलांना दुखवल्याने त्या जातीला दुःख होईल हे जाणले; आणि त्या दुःखासाठीच हे केले. ह्यांतील प्रत्येक पायरी अशक्य आहे असे नव्हे, पण प्रत्येकीसाठी पुरावा हवा. उलट पक्षी, माद्यांना परके पिलू उचलून कवटाळण्याची अनिवार ओढ असते हे शंभर वेळा पाहिलेले आहे. पिलू गमावलेली मादी हाताशी येईल ते कवटाळील हे संभवनीय आहे. वानराचे पिलू आईच्या पोटाला चिकटून राहते. कुत्र्याच्या पिलाला चिकटता येत नाही, त्याला वानराचे दूध मिळत नाही, आणि माळवदाच्या कडेवरून त्याला उतरता येत नाही. मग ते मरते. मरण तेच, पिले तीच. पण ह्या अर्थाने पाहिले तर जो वैरभाव म्हणून छापला गेला तो हरवलेल्या मायेचा चुकलेला हात ठरू शकतो. शास्त्रात १८९४ पासून लॉइड मॉर्गन ह्यांचा दंडक सांगितला जातो, की खालच्या प्रतीच्या मानसिक शक्तीने वर्तनाचा उलगडा होत असेल तर वरच्या प्रतीची शक्ती गृहीत धरू नये. लवूळला तो दंडक कोणाला आठवला नाही, कारण सूड ही गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायला चटकदार असते.

आणि ती चटकदार का वाटते, ह्याचे उत्तर वर आलेच आहे. ज्या मनाची घडण दुसऱ्याचे हेतू ओळखण्यासाठी झाली ते मन जेथे हेतू नाही तेथेही हेतू पाहते. ढगांत चेहरे दिसतात तसे. वानराचा अर्थ लावण्याचे आपले साधन हेच मुळात माणसांचा अर्थ लावण्यासाठी तयार झालेले आहे. शेराच्या मापाने कापड मोजण्यासारखा हा प्रकार. बाजारात नंदीबैल येतो, मालक गुबगुबी वाजवून त्याला विचारतो, पाऊस पडेल का, आणि बैल मान डोलावतो. मालकाला खूण ठाऊक असते, आणि बहुतेक प्रेक्षकांनाही. बर्लिनमध्ये १९०४ च्या सुमारास हान्स नावाचा घोडा खूर आपटून बेरजा-वजाबाक्या सांगत असे, आणि त्याच्या मालकाला मात्र प्रामाणिकपणे वाटे की घोडा गणित जाणतो. ऑस्कर फुंग्स्ट ह्यांनी १९०७ साली दाखवून दिले, की उत्तर जवळ येताच प्रश्न विचारणाऱ्याच्या अंगाची किंचित हालचाल होते आणि घोडा ती टिपतो. ज्याला उत्तर माहीत नाही त्याने विचारले की घोडाही चुकतो. आमचा नंदीबैलवाला त्या जर्मन गुरुजींपेक्षा अधिक जाणता होता, असे म्हणावयास हरकत नाही. घोड्याला गणित येत नव्हते. पण माणसाची मान वाचता येत होती, आणि हे काही थोडके नव्हे.

म्हणून दुसऱ्या टोकाला जाऊन प्राणी म्हणजे चावी दिलेले खेळणे असे मानणेही तितकेच आंधळे आहे. ह्याचे सर्वांत देखणे उदाहरण पुण्याचे आहे. तारेवर बसून माशा-मधमाश्यांवर झेप घेणारा हिरवा, चिमणीएवढा पक्षी आपल्या शिवारात कोणाला ठाऊक नाही? त्याला आपण वेडा राघू म्हणतो. तो नाल्याच्या काठात बीळ करून घरटे करतो. बिळाजवळ कोणी भक्षक असेल तर तो आत जात नाही, नाहीतर घरट्याचा पत्ता लागायचा. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयातील मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. एक माणूस कधी अशा ठिकाणी उभा राही की त्याला बिळाचे तोंड दिसावे, कधी अशा ठिकाणी की मध्ये आडोसा येऊन ते दिसू नये. दोन्ही वेळा पक्ष्याला तो माणूस दिसत असे. माणसाला बीळ दिसत नसे तेव्हा पक्षी अधिक वेळा आत जाई. म्हणजे पक्षी केवळ ‘मला कोण दिसते’ एवढेच पाहत नव्हता, ‘त्याला काय दिसते’ हेही त्याच्या हिशेबात होते. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. आपण ज्याला वेडा म्हणतो, त्या मूठभर पक्ष्यापाशी दुसऱ्याच्या नजरेचा अंदाज आहे.

ह्या प्रयोगालाही दुसरा अर्थ लावता येतो. माणूस आणि बीळ ह्यांमधली रेषा मोकळी आहे की अडलेली, एवढेच पक्षी शिकला असेल. ‘दुसऱ्याचे मन’ वगैरे त्याला काही नसेल. शास्त्रज्ञ ह्यावर आजही भांडतात. पण लवूळच्या कथेत आणि ह्या प्रयोगात फरक आहे तो हा, की येथे प्रश्न असा विचारला की पक्ष्याला ‘नाही’ म्हणता आले असते. शिवारातील शेतकरी सांगतात, की वानरे गोफणवाल्याला लांबून ओळखतात आणि बाई राखणीला असली की बेफिकीर उतरतात. हे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. ते तपासता येते आणि बहुधा खरेही ठरेल. पीक गेलेल्या माणसाचे निरीक्षण वर्तमानपत्राच्या निरीक्षणापेक्षा कसदार असते, कारण चुकल्यास त्याचा तोटा होतो.

ह्या प्रश्नात आपली ख्रिस्ती परंपरा अगदीच कोरी नाही, एवढे जाता जाता सांगतो. कोकरू लांडग्याला पाहून पळते ते लांडग्याचा रंग किंवा आकार कुरूप म्हणून नव्हे, तर तो वैरी आहे हे त्याला कळते म्हणून, असे संत थॉमस अक्वायनस ह्यांनी तेराव्या शतकात लिहिले, आणि ह्या कळण्याला त्यांनी विचारशक्तीहून वेगळी पण इंद्रियसंवेदनेहून वरची अशी जागा दिली. एरिख वासमान हे येशूसंघीय धर्मगुरू मुंग्यांचे मोठे अभ्यासक होते. प्राण्यांना माणसाचे विचार चिकटवणाऱ्या लोकप्रिय लेखकांवर त्यांनी सडकून टीका केली आणि उत्क्रांतीचा पुरावा मात्र मुंग्यांच्या वारुळातूनच गोळा केला. पोप पायस बारावे ह्यांनी १९५० साली मानवी देहाच्या उगमाचा शोध शास्त्रज्ञांना मोकळा ठेवला, आत्मा मात्र परमेश्वराने थेट निर्माण केलेला असे सांगून. आणि पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९९६ साली उत्क्रांती ही केवळ तर्क म्हणण्यापलीकडे गेली असल्याचे मान्य केले. माणसाची थोरवी राखण्यासाठी प्राण्याला मठ्ठ ठरवण्याची गरज ह्यांपैकी कोणालाच भासली नाही. आपल्या प्रवचनांत आणि आपल्या बोलण्यात ती अजून अधूनमधून भासते, हे मात्र खरे.

मराठीत ‘सत्तांतर’नंतर काय झाले? २०२५ साली निवर्तलेल्या मारुती चितमपल्लींनी अरण्याचा शब्दसंग्रह मराठीला दिला, आणि ते ऋण फार मोठे आहे. ‘सारंगागार’सारखा शब्द वाचला की पाणथळीवरचा कलकलाट कानी येतो. पण त्यांच्या लेखनात लोकसमजूत, आदिवासींकडून ऐकलेले आणि स्वतः पाहिलेले एकाच ओघात येते. कोणते कोणते हे वाचकाला सुटे करता येत नाही. चितमपल्ली वाचून जंगलावर प्रेम जडते. माडगूळकर वाचून शंका घेण्याची सवय लागते. मला दुसऱ्या गोष्टीची उणीव आपल्याकडे अधिक जाणवते, म्हणून ‘सत्तांतर’ माझ्या लेखी अजूनही वरच्या जागी आहे.

तरीही ते पुस्तक पुन्हा मिटताना सोल ही म्हातारी मादी मनातून जात नाही. माडगूळकरांच्या नजरेने, पण झाडाच्या दुसऱ्या फांदीवर बसून, कोणी तिची गोष्ट मराठीत लिहिली पाहिजे. त्या लेखकाने लवूळला जावे. पिंजरा लागण्यापूर्वी कोणी तरी विचारावयास हवा होता तो पहिला प्रश्न अगदी साधा होता, आणि त्याच्या उत्तरावर सूड की माया हे पुष्कळसे ठरले असते : पिलू उचलणारे वानर नर होते, की मादी?